पाणी परवा

सोमवार, ६ मे २०१९, सकाळ
रविवारी नीरजा पैठणहून येतेय. सव्वा महिन्याची पोरगी पहिल्यांदाच बापाच्या घरी! सासूबाईंची एकच अट: टाकी भरलेली पाहिजे, नाहीतर बाळ इथंच राहील. धरणाच्या गावची माणसं, लई टेंभा. म्हटलं, बाप आहे मी, काळजी सोडा. आपल्याकडं नळाला कधी पाणी येईल त्याचा नेम नाही, पण लक्ष ठेवलं की झालं.

सोमवार, दुपार
सेकंड शिफ्ट, म्हणून वेळ होता. हेडफोन लावून 'घड्याळवीर'चा सातवा एपिसोड बघितला. हीरो काळात मागं-पुढं कुठंही जाऊ शकतो, तरी स्वतःच्या मुलीच्या जन्माला दोन दिवस उशिरा पोचतो! अरे बाबा, घड्याळ आहे ना मनगटावर? असला बाप असतो का कुठं? डोकंच फिरलं. मध्येच कुणीतरी दार बडवत होतं. अगरबत्तीवाला असणार. उठलो नाही.

बुधवार, ८ मे
टाकीवर टिचकी मारली. ठणठणाट. खालच्या मजल्यावरचे नानासाहेब जिन्यात भेटले. रिटायर्ड माणूस, शब्द जपून वापरतो. विचारलं, पाणी कधी? म्हणाले, परवा. म्हणजे शुक्रवार. झकास! नीरजाला कळवून टाकलं, टाकी भरल्यातच जमा. त्या आनंदात सातवा एपिसोड पुन्हा बघितला. हीरो अजूनही बावळटच.

शुक्रवार, १० मे
वाळूजच्या कंपनीला दांडी. सकाळपासून नळाला पाइप जोडून, लेंगा दुमडून बसलो. नळ नुसतं फुस्ससुद्धा करेना. दुपारी समोरच्या शकीलाभाभींनी विचारलं, क्या मंदारभाई, किस का इंतजार? पानी तो पीर कू आ के गया. मैं कित्ता दरवाजा बजायी! पीर म्हणजे सोमवार. म्हणजे अगरबत्तीवाला नव्हता तो.

नानासाहेबांकडं धावलो. ते शांतपणे म्हणाले, मग मी काय म्हणालो? परवा. येऊन गेलेला परवा! आता पुढचं पाणी सोमवारी.

गेलेला परवा आणि येणारा परवा, दोन्हींना एकच शब्द. यात माझी काय चूक? चूक भाषेची आहे.

शनिवार, ११ मे
तीन टँकरवाल्यांना फोन केले. दुष्काळ आहे साहेब, सोमवारच्या आत नाही. मग नीरजाला फोन. जरा हिंमत केली, म्हणालो, टाकी परवा नक्की भरतो. ती एकदम गोड आवाजात म्हणाली, मग आम्हीपण परवाच.

जीव भांड्यात पडला. खात्री करायची म्हणून विचारलं, सोमवारी ना?

म्हणाली, नाही, गुरुवारी. येऊन गेलो आम्ही. तू हेडफोन लावून बसला असशील.

शकीलाभाभींनी सगळं सांगितलेलं दिसतंय. मागं पोरगी रडत होती. मी म्हणालो, तिला फोन दे. नीरजा म्हणाली, तिला पाजायचंय, आणि फोन ठेवला.

आठवा एपिसोड आलाय. बघितला नाही. तो निदान दोन दिवसांनी तरी पोचला होता.