तक्त्यावरचा चमकदार टाका

१८ नोव्हेंबर
नागपूरच्या ग्राहकाचा मेल. एलईडी दिव्यांसाठी आपण पाठवतो त्या बोर्डांत शिसं सापडलं. मर्यादा हजारात एक भाग. आपलं कितीतरी पट वर. मशीनने सोल्डर केलेले टाके, म्हणजे जोड, स्वच्छ; फक्त हाताने केलेले दूषित.
प्रत्येक खोक्यात 'शिसंमुक्त' असं प्रमाणपत्र जातं. सही माझी, गुणवत्ता तपासणीची प्रमुख म्हणून.
शेठजी: "मैडम, ये सीसा आया कहाँ से? हवा में से?"
उद्या सांगते म्हटलं.

१९ नोव्हें.
सापडलं. चार नंबरचं टेबल, कुंदाकाकू. ड्रॉवरमध्ये सोल्डरच्या जुन्या तारेचं रीळ, शिशाचं. ते फक्त रिपेअरच्या कपाटात असतं, जुन्या इन्व्हर्टरांसाठी.
त्यांनी लपवलं नाही. "हो, मीच आणली. नव्या तारेचा टाका मळका दिसते वो मॅडम. तुमच्या तपासणीच्या पोरी वापस करतेत. हे तार पाहा, कशी चांदीवानी! तवापासून माहा एक तरी बोर्ड वापस आला का?"
नाही आला. सप्टेंबरपासून एकही नाही. महिन्याच्या उत्तम कारागीर म्हणून फळ्यावर त्यांचं नाव मीच लिहिलं होतं.
त्यांच्या मागच्या भिंतीवर तक्ता. मी बनवलेला, सप्टेंबरात. दोन फोटो. चमकदार: बरोबर. मळकट: चूक. फोटो प्रशिक्षणाच्या जुन्या फाइलमधले, शिशाच्या काळातले. शिसंमुक्त टाका उत्तम असला तरी मंदच दिसतो. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला शिकवतात हे. मला माहीत होतं. लावताना पाहिलं नाही.
तपासणीच्या मुली तक्त्याप्रमाणे चांगले टाके परत पाठवत राहिल्या. काकूंनी तक्त्याप्रमाणे टाका करून दाखवला.
शेठजींना फक्त रिळाचं सांगितलं.

२० नोव्हें.
शेठजी लाइनवर आले. सगळ्यांसमोर: "चोरी का माल लगा दिया मेरे माल में."
काकू: "चोरी कायची शेठजी? तुमच्याच कपाटातून तुमच्याच टेबलावर आणली. घरी नेली काय मी?"
कोणीतरी हसलं. शेठजी नाही हसले. 'चोर' हा शब्द आणखी एकदा आला. चौकशी होईपर्यंत घरी बसायचं.
त्यांनी ॲप्रनची घडी केली, स्टूलवर ठेवली, सोल्डरिंग आयर्नचा स्विच बंद केला. शेवटी माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या कागदाकडे.
तक्ता तिथेच होता. त्याच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

२१ नोव्हें.
सकाळची शिफ्ट सुरू व्हायच्या आधी पोचले. तक्ता काढला. नोंदवहीत: 'सुधारित आवृत्तीसाठी.' खोटं नाही. सुधारित करणारच आहे.
लॅमिनेशन केलेला, घडी होत नाही. गुंडाळी करून बॅगेत. गोरेगावच्या, आमच्या गावच्या एसटीत मांडीवर धरून आणला. आई म्हणाली, कॅलेंडर आणलंस का. हो म्हटलं.

२२ नोव्हें.
काकू तार दातात धरतात. एक हात बोर्डाला, एक आयर्नला, तार दातात. मध्येच त्याच बोटांनी तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची चिमूट. ऑक्टोबरच्या माझ्या निरीक्षणात लिहिलेलं सापडलं: 'सवय अयोग्य. दिसायला वाईट.'
दिसायला.
तेव्हा तार कुठली, हे एकदा विचारलं असतं तर…

२३ नोव्हें.
गोरेगावच्या बाजारात काकू. मी वळणार होते, त्यांनीच हाक मारली. कारखान्यात मॅडम, बाहेर पोरी.
"पोरी, मले वापस बोलावतीन का?"
माहीत नाही म्हटलं.
"बुढा खुश हाये माहा. दोन टाइम गरम भात भेटून राह्यला त्याले. म्हणते, शेठले सांग, आणखी महिनाभर चौकशी कर." हसल्या. मग हसू गेलं. "पन गावात शब्द पोचला ना. मी चोर नाय बा."
मी विषय बदलला. नीट बदलताही आला नाही. म्हटलं, त्या तारेत शिसं असतं, तोंडात धरायची नसते. रक्त तपासून घ्या, मी सोबत येते.
"काऊन? विख हाये का त्याच्यात?"
हो, हळूहळू चढणारं.
"मंग थे भितीवर काऊन नाय लिवलं? एवढा मोठा कागद लावला होता."
मी भाजीवालीकडे वळले. मेथीची जुडी घेतली, घरी दोन होत्या.

२५ नोव्हें.
ग्राहकाला पाठवायचा सुधारणा अहवाल. एक रकाना: मूळ कारण. शेठजी शेजारी उभे. "लिखो, ऑपरेटर की गलती. एक लाइन में ख़तम."
लिहिलं. 'ऑपरेटरने परवानगीशिवाय चुकीची तार वापरली.' वाक्यातला एकही शब्द खोटा नाही, म्हणून लिहिता आलं. पाठवायला उद्यापर्यंत वेळ आहे म्हणून ठेवलं.
सप्टेंबरपासूनचे बोर्ड दिव्यांत बसून कुठे कुठे गेले, याची यादी ग्राहक करतोय. जे सापडणार नाहीत ते कधीतरी भंगारात जातील. तांब्यासाठी कोणीतरी ते जाळेल. धूर कोणाच्या अंगणात जाईल ते कुठल्याच यादीत येणार नाही.

२६ नोव्हें.
सकाळी मूळ कारण पुन्हा लिहिलं. तपासणी तक्ता चुकीचा. फोटो शिशाच्या सोल्डरचे. तयार केला: मी. मंजूर केला: मी. २१ तारखेला भिंतीवरून काढला: मी. तक्त्याचा फोटो जोडला. शेठजींना न विचारता पाठवला.
काकूंनी रीळ नोंद न करता नेलं, तेही लिहिलं. ते वगळता आलं नाही. वगळायला हवं होतं का, अजून ठरत नाही.
शेठजींनी दुपारी वाचला. ओरडले नाहीत. "आप तो पढ़ी-लिखी हो, मैडम." एवढंच. ओरडले असते तर सोपं झालं असतं.

२८ नोव्हें.
सोमवारी ग्राहकाचा माणूस येतोय. त्याला ऑपरेटरशी बोलायचंय. शेठजी: "बुला लो उसको. आगे का बाद में देखेंगे." काकूंचं काम राहील की जाईल, माझं राहील की जाईल, दोन्ही त्या 'बाद में'मध्ये.
काकूंना फोन केला. सांगितलं: तक्ता चुकीचा होता. फोटो मी लावले होते. तुम्ही तक्त्यात होतं तसंच केलंत.
फोनमध्ये त्यांच्या मागे कोंबड्या.
"तुमाले कवा समजलं हे?"
"एकोणीस तारखेला."
"म्हणजे शेठ मले बोलून राह्यले होते तवा तुमाले मालूम होतं."
"हो."
मला वाटलं ठेवला फोन.
"सोमवारी येतो मी. थ्या सायबाले सांगतो, जे झालं थे. पन पोरी, एक काम कर. कागदावर लिवलं थे शेठनं वाचलं, नागपूरवाल्यानं वाचलं. माह्या लाइनीतल्या बायांनी नाय वाचलं. त्याइनं चोर आयकलं. जेवनाच्या सुट्टीत उभी राहून सांगशीन का त्याइले?"
सांगते, असं तोंडातून आलं नाही. "सोमवारी या," एवढं म्हटलं.
काय बोलायचं ते मघाशी लिहून काढलं. सात वाक्यं झाली. पाच माझ्या बचावाची होती, ती खोडली. उरलेली दोन मोठ्याने वाचून पाहिली. पहिल्या वाक्यात 'मी' म्हणताना आवाज उतरतो. बत्तीस जणी आहेत, डबे उघडताना गोंगाट असतो. शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जायला हवं.
पुन्हा वाचते.