पाण्यातला डाग

३ नोव्हेंबर
सोलापुरात आले. साध्या एक्स-रेवर दोन वर्षं काढल्यावर सीटी स्कॅनची नोकरी मिळाली, याचा आनंद आहे आणि तो इथे लिहायला हरकत नाही. भवानी पेठेत खोली घेतली. घरमालकीण चन्नम्मा यांनी पहिल्याच संध्याकाळी कडक भाकरी आणि शेंगाचटणी आणून दिली आणि लग्न का नाही केलं, तेही विचारून घेतलं. जिन्यावरून बॅग चढवताना डाव्या कॉलर बोनमधली प्लेट दुखली. कॉलेजात स्कूटीवरून पडले होते तेव्हाची. थंडीत जाणवते.

५ नोव्हेंबर
सेंटर लहान, मशीन चांगलं. मदतीला मीनाबाई आहेत. पेशंटला टेबलावर घेणं, उतरवणं त्यांच्याकडे. सकाळचं पहिलं काम म्हणजे पाण्याने भरलेला बंद डबा टेबलावर ठेवून त्याचा स्कॅन घेणं. पाणी सगळीकडे सारखं, म्हणून चित्र सपाट करडं यायला हवं. आलं.
पेशंट स्कॅनलाच औषध समजतात. होटगीचे शिवशरणकाका म्हणाले, मागच्या स्कॅननं पोटाची कळ थांबली होती, अजून एक मारा की. मी सांगितलं, पोटाच्या एका स्कॅनमुळे पुढे कॅन्सर होण्याचा धोका अंदाजे दोन हजारांत एक. उगाच घेऊ नये. त्यांनी विचारलं, तो एक कोण ते आधी कळतं का. नाही म्हटलं.

१२ नोव्हेंबर
पाण्याच्या चित्रात डाग आहे. तांदळाच्या दाण्याएवढा, मध्यापासून बाजूला. डबा फिरवून पुन्हा स्कॅन घेतला. डाग जागचा हलला नाही, म्हणजे तो डब्यात नाही. इंजिनिअरने मशीन ठीक असल्याचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, पेशंटच्या चित्रात येत नाही ना, मग सोडून द्या.
मीनाबाई मात्र फरशी पुसता पुसता थांबल्या. म्हणाल्या, दीक्षा म्याडमला बी दिसायचा. दीक्षा माझ्याआधी इथे होती. मीनाबाई सांगत होत्या, लई दिवस बघत बसल्या, मग स्वतःच टेबलावर निजल्या. तवापासून पाणी साफ झालं आणि त्यांना बार्शीला न्यावं लागलं.
बार्शीला कॅन्सरचं हॉस्पिटल आहे. इकडे बार्शीला नेलं म्हटल्यावर कोणता आजार ते कोणी विचारत नाही. मीही विचारलं नाही.

२० नोव्हेंबर
टेबल रिकामं ठेवून स्कॅन घेतला. नुसतं काळं यायला हवं होतं. डागाभोवती अंधुक रेषा आल्या. बरगड्या, पाठीचा कणा. डाग उजव्या फुफ्फुसात बसतो.
दीक्षाच्या असतील, असं स्वतःला सांगितलं. बरं वाटलं.

२४ नोव्हेंबर
आज चित्र स्पष्ट आहे. डाव्या कॉलर बोनवर प्लेट. तिसरा स्क्रू तिरका.
माझाही तिसरा तिरका आहे.

२७ नोव्हेंबर
मीनाबाई म्हणतात, निजू नका, नोकरी सोडा, गावाकडं जावा. नोकरी सोडता येईल. छातीत जे असेल ते सोबत येईल. कॅन्सर लवकर सापडला तर बरा होतो, हे रोज मीच पेशंटना सांगते.

२८ नोव्हेंबर
स्वतःचा स्कॅन घेतला. आधी छातीवरचा बॅज काढला. आम्हाला किती रेडिएशन मिळालं ते तो मोजतो. आकडा वाढला तर चौकशी लागते. ड्रॉवरमध्ये ठेवायला गेले तर तिथे दीक्षाचा बॅज होता.
मीनाबाईंना बटण दाखवू लागले. त्यांना ठाऊक होतं.
माझी फुफ्फुसं स्वच्छ आहेत.

२९ नोव्हेंबर
पाणीही स्वच्छ. रिकामं टेबलही.
मग तो गेला कुठे?

१ डिसेंबर
पुन्हा घेतला. उजवं फुफ्फुस. तांदळाचा दाणा.
डॉक्टरांना दाखवला. म्हणाले, एवढ्याशा डागाला काही करत नाहीत, वाढतो का बघू. काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू.
काही महिने.

८ डिसेंबर
मसूर.

८ डिसेंबर, दुपारी
हरभरा. एवढ्या थोड्या तासांत वाढत नाही कुठलाही डाग. मधे आठवडा जावो की अर्धा दिवस, एका स्कॅनमागे एकच पायरी — दिवसांनी नाही वाढत. बघितलं की वाढतो.

१० डिसेंबर
सुपारी. चन्नम्मांनी खोकला ऐकला, काढा आणून दिला. घेतला. चव नाही —
बॅज ड्रॉवरमध्येच. कागदावर मला काहीही झालेलं नाही.

११ डिसेंबर
मीनाबाई बटणाला हात लावत नाहीत. म्हणाल्या, दीक्षा म्याडम बी म्हणायच्या, एवढी एकच बार. कितीदा म्हणायच्या, ते मी विचारणार होते, पण —

१५ डिसेंबर
स्कॅन बंद केले. साधं आहे. बघितलं नाही तर वाढणार नाही. चार दिवस बघितलं नाही, म्हणजे तो तेवढाच असणार. असायलाच हवा.
मीनाबाई कबूल झाल्या. टेबल खाली घेतलंय. थांबलाय, एवढंच बघायचं. फक्त एकदा, आणि मग —