तुम्ही बुडवलेला देश

बाबा, आज शाळेच्या स्टाफरूममध्ये एक तरुण शिक्षक चहा ढवळता ढवळता म्हणाला की या देशाचं आता काही खरं नाही, थोडीच वर्षं उरली आहेत. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र एकदम नॉटिंगहॅमचं आपलं स्वयंपाकघर दिसलं. रविवारची दुपार, काचेवर वाफ धरलेली. आई पोळ्या लाटते आहे, रेडिओवर बातम्या लागल्या आहेत आणि तुम्ही कांदा चिरता चिरता एकेकाचा निकाल लावताय. रेल्वे गेली. पार्लमेंटात धड माणूस उरला नाही. हॉस्पिटल अजून पाच वर्षं टिकलं तरी मिळवलं. "रोमन साम्राज्य बुडालं, हेही बुडणार. रोमनांना निदान रस्ते तरी नीट बांधता येत होते," तुम्ही म्हणता. आई मान वर न करता म्हणते, "बुडायचंय ते बुडू दे, पण कांदा जरा बारीक चिरा."

मी तेव्हा लंडनजवळ इल्फर्डला नोकरीला लागले होते आणि वीकेंडला ट्रेनने घरी यायचे. नवीन शतक नुकतंच सुरू झालं होतं. ते सुरू होताना जगभरचे कॉम्प्युटर बंद पडतील हेही तुम्ही छातीठोकपणे सांगितलं होतं. ते पडले नाहीत, तेव्हा तुम्ही दोन दिवस रेडिओच लावला नाहीत. मला वाटायचं, हे भाकितं करणं म्हातारपणाचं लक्षण असावं. आपले दिवस सरत आले की माणसाला सगळ्या जगाचेच दिवस भरल्यासारखे वाटत असतील.

मग तुमच्या हॉस्पिटलमधला वृद्धांचा वॉर्ड बंद करायचं घाटलं. तुम्ही रिटायर होऊन वर्षही झालं नव्हतं. सगळी नोकरी तुम्ही त्या वॉर्डात काढली होती, आणि तो बंद पडणार हे तर तुम्ही मी शाळेत असल्यापासून सांगत होतात. मला वाटलं, आता तुम्ही म्हणाल, बघ, मी सांगत नव्हतो? पण त्या शनिवारी मी घरी आले तर तुम्ही घरात नव्हता. आई म्हणाली, "चौकात उभे आहेत. हे ग्लव्ज नेऊन दे त्यांना, विसरून गेलेत."

सूट, टाय आणि वर कानटोपी अशा थाटात तुम्ही 'वॉर्ड वाचवा' लिहिलेला बोर्ड धरून उभे होतात. शेजारी वॉर्डातल्या जुन्या आयरिश सिस्टर होत्या. तुमच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. मला हसूच आलं.

"बाबा, तुम्हीच म्हणत होता ना, बंद पडणार म्हणून?"

"पडणारच आहे."

"मग इथे कशाला उभे आहात?"

"पडणार आहे म्हणून घरी बसू?" तुम्ही खेकसलात, आणि ग्लव्ज घालायला बोर्ड माझ्या हातात दिलात. तो परत घेतलाच नाहीत. मीही संध्याकाळपर्यंत तिथेच उभी राहिले.

परतताना इंजिन सुरू करून तुम्ही हीटर लावलात, पण बराच वेळ गाडी हलवलीच नाहीत. मग एकदम आजोबांबद्दल बोलू लागलात. ते सोलापूरच्या कापड गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते, एवढंच मला माहीत होतं. गिरणी बंद पडणार अशी कुजबुज वर्षभर चालली होती, पण आजोबा कुणाला तसं बोलूच देत नसत. म्हणायचे, ही गिरणी माझ्या नातवंडांनाही पोसेल. "आणि एका सकाळी भोंगाच झाला नाही," तुम्ही म्हणालात. "ते डबा घेऊन दारात उभे. ऊन अंगणात आलं तरी उभेच. माझी आई म्हणाली, आत या. तर म्हणाले, आज भोंग्याला उशीर झालाय." तुम्ही काच पुसलीत. "माणसाला आधी कळलेलं बरं असतं गं. निदान दारात उभं राहावं लागत नाही."

तुम्ही एवढी वर्षं रोज एकेक गोष्ट का बुडवत होतात, ते मला त्या दिवशी कळलं. जे जाईल याची सगळ्यांत जास्त धास्ती वाटते, त्याला माणूस आधीच निरोप देऊन ठेवतो. बाहेर मात्र ते नुसतं कुरकुरणं म्हणून ऐकू येतं.

वॉर्ड वाचला. मजला बदलला, नाव बदललं, पण वाचला. तुम्ही आईकडून श्रीखंड करवून घेतलंत आणि वाटी चाटूनपुसून म्हणालात, "तात्पुरतं आहे हे."

पुढे तुम्हीच त्या वॉर्डात आलात, खिडकीजवळच्या बेडवर. सिस्टर रोज तुमची दाढी स्वतः करायच्या. त्या आठवड्यात टीव्हीवर बातम्या इतक्या वाईट होत्या की एरवी तुम्ही त्यावर तासभर बोलला असतात. मी मुद्दाम आवाज वाढवला. म्हटलं, "बघा बाबा, संपला की नाही हा देश?" तुम्ही स्क्रीनकडे पाहिलंत, मग चादर बदलणाऱ्या मुलीकडे, मग माझ्याकडे. "नाही गं," म्हणालात, "चाललंय की बरं सगळं. मीही उठेन आता चार दिवसांत."

बाबा, त्या स्वयंपाकघरात देश किती वेळा बुडला, पण मला कधी भीती वाटली नव्हती. त्या वाक्याची वाटली, भोंग्याची वाट बघणारे आजोबाच जणू बोलत होते. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. सिस्टर आल्या आणि माझ्या शेजारी उभ्या राहिल्या.

तुम्ही गेल्याला आता कितीतरी वर्षं झाली. देश आहे. रेल्वे उशिरा का होईना, धावते. तो वॉर्डही अजून आहे, मागच्या वर्षी मी मुद्दाम बघून आले. तुमच्या भाकितांतलं निम्मंसुद्धा खरं ठरलं नाही. पण आज स्टाफरूममध्ये त्या मुलाला मी म्हणाले, "माझे वडील वीस वर्षांपूर्वीच हे सांगायचे. त्यांचा शब्द न् शब्द खरा ठरला." तुमचं चुकलं होतं, हे सांगायला माझी जीभ अजून रेटत नाही. पाठवायची सोय असती, तरी हे पत्र मी तुम्हाला पाठवलं नसतं.