‘नंतर’ दाबत राहायचं

१२ सप्टेंबर

पुन्हा तोच मेसेज! ‘तुमच्या सुरक्षिततेसाठी.’ या मॉडेलच्या बॅटऱ्या पेट घेतात, म्हणून कंपनीने सगळे फोन परत मागवलेत. जे देत नाहीत त्यांच्यावर अपडेट सोडलाय — तो चढला की फोनमधलं सगळं पुसणार आणि फोन कायमचा बंद. कंपनीला केवढी माझी काळजी! या घरात पेट घ्यायला बॅटरी लागत नाही.

‘नंतर’ दाबलं.

१३ सप्टेंबर

नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही, इथे घेते. भिकन. काल भिकनने वेणी हाताला गुंडाळून माझं डोकं ओट्यावर आपटलं. का, तर झेंडूचे क्रेट उन्हात राहिले! दात हललाय. पण रेकॉर्ड झालंय. वर्षभर हेच करतेय: त्याची गाडी अंगणात वाजली की मी रेकॉर्डिंग चालू करते आणि फोन पिठाच्या डब्यामागे ठेवते.

१५ सप्टेंबर

घरी दाताचा डॉक्टर सांगितला आणि वकील पायल मॅडमकडे गेले. कोर्टात मारहाणीची तक्रार दाखल करायची तारीख सहा ऑक्टोबर. रेकॉर्डिंगची कॉपी काढते म्हटलं, तर म्हणाल्या, नुसत्या कॉपीला समोरचा वकील एआयने बनवलेला आवाज म्हणेल. मूळ फोन लागेल, चालू. "दीपमाला, तारखेपर्यंत त्याला काही होऊ देऊ नकोस."

बसमध्येच कामाला लागले. ऑटो-अपडेट बंद. फोनमधून घरचं वायफाय काढून टाकलं. सिम जुन्या बटणाच्या फोनमध्ये.

१८ सप्टेंबर

घात! सासूबाईंनी भजनं ऐकायला फोन घेतला आणि भिकनकडून वायफाय जोडून घेतलं. अपडेट उतरला. आता फक्त चढायचा बाकी. दिवसातून चारदा विचारतो — आता की नंतर? खाली बारीक अक्षरात लिहिलंय, चार्जिंग निम्म्याच्या वर असेल तरच चढेल. मग चाळीसच्या वर जाऊच देणार नाही. बघू कोण हरतं!

२१ सप्टेंबर

लाथ. कमरेत. फोन अडतीस टक्के.

२४ सप्टेंबर

भिकनला कुणीतरी सांगितलं, हा फोन परत केला की गंगापूर रोडच्या दुकानात नवा फुकट मिळतो. झालं! मी म्हटलं, मला याचीच सवय झालीय. "तुला काय कळतं? दे हिकडं." करंगळी मुरगळली. निळी पडली. फोन सोडला नाही मी.

सासूबाई म्हणाल्या, "दिऊन टाक ना बाई. कशाला मार खाती?" जणू मला हौस आहे! त्यालाच ठेचावंसं वाटतं. लिहिलं. लाज नाही वाटली.

२९ सप्टेंबर

सासूबाई कालच चालत वणीच्या देवीला गेल्या. घरात दोघंच. भिकन दुपारी आला आणि फोन शोधत सगळे डबे खाली पाडले. सापडला. रेकॉर्डिंग चालू दिसलं त्याला. फोन फेकून माझा गळा धरला. डोळ्यांपुढे अंधारी आली. हाताला वरवंटा लागला.

पहिल्या घावाला त्याने गळा सोडला. तिथे थांबायला हवं होतं. नाही थांबले.

फोन जमिनीवर चालूच होता. नंतर ऐकलं. "नको ना दीपा, बास" — हे तो म्हणतोय! आणि शिव्या माझ्या. त्याच्याच सगळ्या, माझ्या आवाजात.

शेजारच्या कोंडाजींनी त्याला रिक्षात घालून सिव्हिलला नेला. मी सांगितलं, जिन्यावरून पडला.

१ ऑक्टोबर, सकाळ

भिकन गेला. शुद्धीवर आलाच नाही.

जिन्यावरून पडून अशा जखमा होत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. पोलिसांना कळवलंय. ते येणार, फोन मागणार. नुसतं डिलीट करून उपयोग नाही, ते परत काढतात म्हणे.

फोन चार्जिंगला लावला. निम्म्याच्या वर जाईपर्यंत शेजारी बसून राहिले. फोनने विचारलं — आता की नंतर?

‘आता’ दाबलं.

१ ऑक्टोबर, दुपार

बटणाच्या फोनवर पायल मॅडम. ‘आता’ दाबल्याचं सोडून त्यांना सगळं सांगितलं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "त्याने आधी गळा धरला, तेही त्यात आलं असेल. आणि वर्षभराचं बाकीचं आहेच. पोलिसांना तो फोन स्वतःहून दे. आता तोच तुला सोडवेल."

मी बरं म्हटलं.