व्याह्यांचं झाल्याशिवाय मास्क लावू नये

हिंगणी,
माघ महिना, १९८३

तीर्थस्वरूप मनोहरराव भाऊजींच्या पायांवर डोकं ठेवून महादेवचा नमस्कार. (डोकं अजून जागेवर आहे, हे यावरून कळेलच.) लीलाबाईचे गुडघे थंडीत कसे काय? तुमचा खोकला नाचणगावच्या डॉक्टरला भ्यायला की नाही? इकडे सर्वजण खुशाल. कालव्याचं पाणी वेळेवर मिळालं म्हणून वांगी चांगली आहेत. मी मात्र दोन दिवस कानात बोटं घालून फिरतो आहे. त्याचं कारण सविस्तर लिहितो.

शोभासाठी तुम्ही सेलूच्या सदाशिवरावांचा चंद्रभान सुचवलात. मुलगा नागपूरला एका शेठच्या छोट्या विमानाची देखभाल करतो. स्थळ चांगलं, पण सदाशिवरावांचं म्हणणं असं की लग्न याच वैशाखात आणि कॉलेज बंद. शोभा वर्ध्याला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. तिला शिक्षण पुरं करू देईन, असा मी शब्द दिलेला. पण मुलाच्या बापासमोर मुलीच्या बापाची जीभ टाळूला कशी चिकटते, ते तुम्हाला ठाऊक आहे. (लीलाबाई तुम्हाला दिली, तेव्हा आमच्या वडिलांची चिकटली होती.)

आता मुलाकडचं पाहायला जायचं म्हणजे घर, विहीर, गोठा पाहायचा. पण ज्याची भाकर हवेतून येते, त्याचं काय पाहावं? सदाशिवराव म्हणाले, वरच जाऊन पाहू. इंजिनाची दुरुस्ती झाल्यावर पायलटसाहेब विमान उंच नेऊन तपासणार होते, आणि शेठनं आम्हां दोघांना बसायची परवानगी दिली. शोभाच्या आईनं, आनंदाबाईनं, निघताना विचारलं, "पोरगं पाहाले जाऊन राह्यले का त्याचं इंजन?" मला तर दोन्ही पाहायचं होतं.

नागपूरला विमानाजवळ पोचल्यावर मी विचारत सुटलो आणि चंद्रभान न कंटाळता सांगत गेला. (हा गुण लिहून ठेवा.) वरची हवा इतकी विरळ की माणसाला पुरत नाही. म्हणून इंजिनच हवा दाबून आत भरतं आणि जास्तीची मागच्या झडपेतून सोडतं. विमान वीस हजार फुटांवर असलं तरी आत बसलेल्याला चिखलदऱ्यावर आणखी एक चिखलदरा रचून बसल्याइतकंच वाटतं. मी विचारलं, ही हवा गळाली तर माणसाला कळतं का? तो म्हणाला, तीच तर गंमत आहे. माणूस गुदमरत नाही, उलट खूश होतो, आपण फार शहाणे असं त्याला वाटू लागतं. म्हणून एक लाल दिवा आणि एक भोंगा बसवलेला असतो. (असा भोंगा पंचायतीच्या बैठकीत का बसवत नाहीत, कोण जाणे.) शिवाय प्रत्येक सीटखाली ऑक्सिजनचा मास्क. नळीची पिन भिंतीत खोचायची, मास्क तोंडावर धरायचा.

दार लावताना माझ्या दुपट्ट्याचं टोक दाराच्या रबरात अडकलं. मला दिसलं होतं. पण पोरगा पाहायला आलेल्यानं पहिल्याच पावली दार उघडायला लावणं बरं दिसत नाही, म्हणून मी मान तिरपी करून बसलो. आता कळलं, त्याच चिरेतून हवा बाहेर जात होती. बोर धरण खाली बशीएवढं दिसत होतं, मी आपलं वावर शोधत होतो, तेवढ्यात दिवा लागला आणि भोंगा कोकलू लागला. पायलटसाहेबांनी आधी स्वतःचा मास्क चढवला, मग विमानाचं नाक खाली केलं. (माझ्या कानांना दडे बसले ते तेव्हाच.) चंद्रभान पुढून, पायलटसाहेबांच्या शेजारून ओरडला, "आपला आपला लावा! दुसऱ्याचा मंग!"

भाऊजी, हे शक्य तरी आहे का? मुलाचा बाप शेजारी बसलेला असताना मुलीच्या बापानं आधी स्वतः हवा घ्यायची? पंगतीत व्याह्यांचं आटोपल्याशिवाय आपण ताटाला हात लावत नाही. मी पिन खोचली आणि मास्क आधी सदाशिवरावांच्या तोंडावर बसवला. माझा मांडीवर ठेवून त्यांनी "घ्या" म्हणायची वाट पाहत बसलो. ते भीतीनं विसरले. हळूहळू मला फार छान वाटू लागलं. नखं जांभळी झाली, तीही देखणी वाटली. आणि मी, तुमचा भित्रा मेहुणा, खणखणीत आवाजात बोललो, "शोभाचं शिक्षण पुरं झाल्यावरच लग्न होईन." सदाशिवराव मास्कमधूनच म्हणाले, "शिकू द्या. दोन वर्षं थांबू." तेवढ्यात चंद्रभाननं मागे वाकून माझा मास्क माझ्या तोंडावर दाबला. खाली उतरल्यावर मी ओक्साबोक्शी रडलो. आनंदानं.

आणि काल सेलूहून निरोप आला: "वर हवा नव्हती, तवाचं बोलनं धरू नका." शोभा तेव्हापासून जेवली नाही. मी तिच्यासमोर जायला लाजतो आहे.

आपला,
महादेव

ता. क. पत्राचं खरं कारण लिहायचंच राहिलं. गुरुवारी सेलूला बैठक आहे. तुम्ही येऊन सदाशिवरावांना त्यांच्या शब्दाची आठवण द्या. तुमच्यापुढे ते नाही म्हणणार नाहीत.

ता. क. दुसरा. शोभानं हे पत्र वाचलं. म्हणते, "बाबा, हवा तुमच्याजवळ नव्हती. त्यायच्या तोंडावर तं मास्क होता!" म्हणजे भाऊजी, माझं मागणं बिनहवेचं, पण त्यांचा होकार पुऱ्या शुद्धीतला. हे बैठकीत ठासून सांगा.

ता. क. तिसरा. पोरगी तेवढ्यावर थांबली नाही. म्हणाली, "लोकाइले काऊन बोलावता? जे वर म्हनलं, ते खाली म्हना ना." तर गुरुवारी नक्की या, पण बोलू नका. नुसते माझ्याजवळ बसा. बोलेन मीच. मधेच गप्प झालो, तर कोपरानं ढोसा.