उतारावर चालणारी शोभा

मंगळवार, १२ नोव्हेंबर, जव्हार

दादाचं डोकं फिरलंय. शोभाची जुनी सायकल त्याच्या माळ्यावर गंजतेय, पण मला देत नाही. म्हणे, "या वयात सायकल? बाजार हसेल तुला."

हसू दे. आमची धाकटी शोभा माल्टाला म्हाताऱ्यांची सेवा करते. सुट्टी काढून शेजारच्या सिसिली बेटावर एकटी सायकलनं फिरतेय. तिला कोण हसलं? मागे तंबू बांधलेला, एकीकडे समुद्र, दुसरीकडे धूर सोडणारा डोंगर. आज फोनवर दाखवलंन. चढ सगळा पायडल मारत चढते, आणि उतार आला की खाली उतरून चालते! लोक विचारतात, ब्रेक नाहीत का? म्हणाली, "ब्रेक चांगलेत गं ताई, पण आपल्या घाटातली सवय." त्या जुन्या सायकलीला ब्रेक होते कुठे? मी हसले, मग डोळ्यांत पाणी आलं. का आलं? बेचाळीस वर्षांची बाई, अख्खा चढ खाली न उतरता चढते!

तिला सायकल शिकवली मी. मलाही जीपची वाट न बघता दाभोशाच्या धबधब्यावर जायचंय. दादाला तोंडावर सांगून आले, "ब्रेक मी बसवीन. देतोस का नाही, शनिवारपर्यंत सांग. नाहीतर रविवारी शिडी घेऊन येते."