माळकऱ्यांचं पातेलं

माय, उद्या दुपारी एक वाजता चाळीस माणसांना जेवू घालायचं आहे आणि आज सकाळपासून मी एका जागी बसलेले नाही. बेसन थापून ताटात गार करायला ठेवलंय. ते गार होईपर्यंत दुसरं काही करता येत नाही, म्हणून लिहायला बसले. मधेच उठून बोटानं दाबून बघते. तू असतीस तर म्हणाली असतीस, सारखं बोट लावून लावून ते गार होणार आहे का?

तुला टाको माहीत नाही. मक्याची पातळ भाकरी गरम असतानाच लाटण्यावर दुमडायची, कडक होऊ द्यायची, तिच्या घडीत सारण भरायचं, वर कच्चा कांदा आणि लिंबू. नवीन जालन्यात, बियाण्यांच्या कंपन्यांची ऑफिसं आहेत त्या रस्त्याला माझा गाडा आहे, तिथे मी हे विकते. जिथला हा पदार्थ आहे तिथे सारण बहुतेक मांसाचं असतं. माझ्या गाड्यावर मांस नाही. गाडा सुरू केला तेव्हाच ठरवलं होतं, की जिथे कुणासाठी वेगळं पातेलं मांडावं लागणार नाही अशी एक जागा करायची. कुणीही यावं, न विचारता खावं. घरातली पहिली पदवीधर मी, आणि माझी सगळी तत्त्वं एका तव्यावर. गावाकडे चुलती म्हणते, "पंधरा वर्षं शिकली आन् भाकरी दुमडायला लागली."

वेगळ्या पातेल्याची गोष्ट तुझीच आहे. गावात कुणाच्या घरी जावळ असलं की मटणाचं मोठं पातेलं दादांकडे असायचं. आचारी म्हणून तीन तालुक्यांत नाव होतं माझ्या बापाचं. आणि गळ्यात तुळशीची माळ घालणारे जे आठ-दहा जण पंगतीला येत, त्यांच्यासाठी लांब, बाभळीपलीकडे, दुसरी चूल, दुसरं पातेलं, दुसरी पळी. ती चूल तुझी. दादांच्या पातेल्याभोवती माणसं उभी राहायची, रश्श्याचा रंग बघायची, थट्टा चालायची. तुझ्याकडे फक्त धूर यायचा. तू राखेत कांदे पुरायचीस सालीसकट, खोबऱ्याची वाटी निखाऱ्यावर काळी करायचीस, पाटवड्या आधी तव्यावर कडा लाल होईपर्यंत परतायचीस आणि मगच रश्श्यात सोडायचीस. मी विचारलं होतं, आधीच शिजलेल्या वड्या परत कशाला भाजतेस? तू म्हणालीस, "पोट तर भातानं बी भरतं. जेवल्यावानी वाटायला दाताला काम लागतं."

हे वाक्य मला दोन महिने आठवलं नाही. दोन महिने मी सोयाबीनच्या वड्यांच्या मागे लागले होते. भिजव, पीळ, कूट, तव्यावर परत. काही केलं तरी रबरासारखं. गिऱ्हाईक अर्धा टाको खायचं आणि उरलेला कागदात गुंडाळून ठेवायचं. मग कॉलेजच्या मैत्रिणीनं पुण्याहून एक बरणी पाठवली, वर तिच्या अक्षरात लिहिलेलं, टाको मसाला. मी एक चमचा घातला आणि सगळं बदललं. काय चव आली माय! मी गाड्यामागे उभी राहून एकटीनं तीन खाल्ले.

तेच मी मागच्या आठवड्यात कंपनीच्या ऑफिसात चवीला नेलं होतं. तिथले साहेब रोजच्या जेवणाचं काम देणार होते. अट एकच, जेवण पूर्ण शाकाहारी पाहिजे. त्यांनी एक घास घेतला आणि हसले. "ताई, हे बिलकुल खिम्यासारखं लागतंय की. हीच चव पाहिजे. सोमवारी चाळीस लोकांचं आणा, जमलं तर रोजचं काम तुमचं." मी म्हणाले, हीच चव येईल. फाटकावरच्या वॉचमनकाकांना पण एक दिला. पांढऱ्या मिशा, गळ्यात माळ. त्यांनी विचारलं, "लेकी, चालंल ना मला?" मी म्हणाले, "काका, माझ्या गाड्यावर सगळं चालतं." काका फाटकाला टेकून शेवटपर्यंत खाऊन गेले आणि म्हणाले, "दात पडले माझे, न्हाई तर अजून एक हाणला असता."

काल मैत्रिणीनं त्याच मसाल्याचं नवीन पाकीट कुरिअरनं पाठवलं. या वेळी कंपनीचं, छापील. हिरव्या ठिपक्याच्या जागी तपकिरी त्रिकोण होता. मागे बारीक अक्षरात लिहिलेलं, कोंबडीच्या अर्काची पावडर. मैत्रीण फोनवर रडकुंडीला आली, तिनं कधी वाचलंच नव्हतं. मी तरी कुठे विचारलं होतं? शिकलेल्या बाईनं बरणीत काय आहे ते विचारायला नको?

आज सकाळच्या जीपनं दादा आलेत. आमचं ठरलेलं आहे, उद्याचं काम मिळालं नाही तर गाडा विकायचा आणि मी गावी परत जायचं. पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते उलटसुलट केलं, वास घेतला.

"चमचाभर पावडर. कोण बघायला जातंय?"

"दादा, त्या काकांच्या गळ्यात माळ आहे."

"खाऊन झालं त्यांचं. आता सांगून काय पोटातलं भाईर निघणार हाय? उद्या दुसरा मसाला घाल, आर्डर पक्की कर, मंग बघू."

"मायनं काय केलं असतं?"

दादांनी पाकीट परत माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाले, "तिचं नको सांगू. तिनं पातेलं सांडलं असतं आन् वर गावाला वरडून सांगितलं असतं."

तेव्हापासून मी फिरते आहे. खोलीतून ओट्याकडे, ओट्याकडून दाराकडे. कारण तू ते केलं होतंस, आणि ते का करावं लागलं हे फक्त आपल्या दोघींना माहीत आहे.

मी दहा वर्षांची आहे. बाभळीखाली माळकरी पंगतीत बसलेत, पत्रावळी मांडून झाल्यात. तू भाकरी आणायला गेलीस आणि मला पातेल्यापाशी उभी केलीस. तू परत आलीस तेव्हा तुझ्या पातेल्यात मटणाची पळी होती आणि रश्श्यावर दादांची लाल तर्री पसरत होती. तू माझ्याकडे बघितलंस. "पळी तू बुडवली का?" मी म्हणाले, न्हाई. तू आणखी काही विचारलं नाहीस. दोन फडकी घेतलीस, पातेलं उचललंस आणि बाभळीच्या बुंध्याशी सगळंच्या सगळं ओतून दिलंस. आणि मोठ्यानं म्हणालीस, "भाऊजी, पातेलं बाटलं. माझ्या हातून चुकीची पळी पडली. दुसरं करते, दम धरा."

दादा तिकडून सगळ्यांसमोर ओरडले, "डोळे कुठं होते तुझे?" पंगतीतला एक म्हातारा म्हणाला, "काय वहिनी, आज आम्हाला एकादशीच घडवता का?" सगळे हसले. तू पण हसलीस. "एकादशीला वड्या न्हाई मिळत भाऊजी, बसा." ताटात थोड्या वड्या उरल्या होत्या. रस्सा करायला वेळ नव्हता, म्हणून तू त्या नुसत्याच कडक परतल्यास, वाटलेला मसाला कोरडाच चोळलास, शेंगदाण्याचा कूट टाकलास आणि भाकरीवर वाढल्यास. वर कांदा, वर लिंबू. म्हातारा दोनदा मागून जेवला. तरी पुढचं वर्षभर बायका तुला म्हणत राहिल्या, "पळी सांभाळ गं." घरी येताना तू मला एवढंच म्हणालीस, "पळीला डोळे नसतेत. धरणारीला असतेत."

सोयाबीन सोडून आज मी तेच केलं. बाजारातून ताजं बेसन आणलं, कोथिंबीर, तीळ, भाजलेलं खोबरं. निखारा नाही, कांदा गॅसच्या जाळीवर काळा केला. तवा, उलथणं, डबे सगळं घासून काढलं, जुनं सारण टाकून दिलं. सकाळच्या पहिल्या घाण्याच्या वड्या तव्यावर जाडसर मोडल्या, कडा कडकडीत होईपर्यंत हात काढला नाही, सोबत अख्खी मटकी, मसाला कोरडा. ओलं सारण घडीत टिकत नाही, भाकरी मऊ पडते. हेही तू त्या दिवशी घाईत करून दाखवलं होतंस, मला कळायला एवढी वर्षं लागली.

दादांना एक दिला. आयुष्यात त्यांनी पंगतीतल्या तुझ्या पातेल्यातलं कधी घेतलं नव्हतं, तुला आठवतं? म्हणायचे, आचाऱ्यानं दुसऱ्याच्या चुलीवर नजर टाकू न्हाई. आज त्यांनी हळूहळू चावलं. कडक भाकरीचा आवाज येत होता.

"खिम्यावानी न्हाई लागत," ते म्हणाले.

"नाही लागत."

"साहेबाला तर तीच चव पायजे ना."

"हो."

त्यांनी रिकामी ताटली पुढे केली. "अजून एक दे."

म्हणजे उद्या मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. साहेबांना, की ही ती चव नाही, आणि ती चव कशाची होती. आणि त्याआधी फाटकावर, वॉचमनकाकांना. साहेब फार तर काम देणार नाहीत. काकांचं मी काय भरून देणार? ते मला लेकी म्हणाले होते. सकाळपासून ते वाक्य तोंडात जुळवते आहे आणि प्रत्येक वेळी शेवटी "पण चुकून झालं" असं जोडते. चुकूनच झालं, खोटं नाही. तरी ते शब्द आले की मला बाभळीखालची मी दिसते.

बेसन गार झालंय. हा कागद मी कुठे नेऊन ठेवणार नाही, पाठवायची जागाही नाही. उद्या फाटकावर तोंड उघडलं पाहिजे, म्हणून आधी तुझ्यापुढे उघडून बघते आहे. पळी मीच बुडवली होती, माय. चुकून नाही. सगळी माणसं दादांच्या पातेल्याभोवती होती, तुझ्याकडे कुणी बघत नव्हतं, आणि मला तुझ्या पातेल्याची लाज वाटत होती.